वाईनची आंधळी कोशिंबीर

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं घडत नव्हतं असं नाही, पण कंटाळा हा आमचा कुळाचार. आज बसलोय ते एका फोनमुळे. राग निवल्यावर लिही, असं बायकोचं म्हणणं होतं. दोन दिवस थांबलो, निवला नाही. तेव्हा मंडळी, तिखट लागलं तर पाणी जवळ ठेवा.

फोन आमच्या एका मामींचा. नाव लिहीत नाही, कारण त्या हे वाचतात. (मामी, नमस्कार. शेवटपर्यंत वाचा.) इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडे वाईन पार्टी झाली म्हणे. छान हो, हल्ली सगळीकडे असतं. पण त्या दारुड्याला कशाला बोलावलंस? चार चांगली माणसं येतात घरी."

हा 'दारुडा' म्हणजे माझा सख्खा मावसभाऊ. गेली नऊ वर्षं त्याने थेंबाला स्पर्श केलेला नाही. आणि त्या रात्री सावेडीतल्या आमच्या गच्चीवर जी 'चांगली माणसं' बसली होती त्यांनी, म्हणजे माझ्यासकट पाच जणांनी, मिळून तीन-साडेतीन बाटल्या रिकाम्या केल्या. अख्ख्या गच्चीवर न प्यायलेला माणूस एकच होता आणि दारुडा तोच!

मामींचं ते वाक्य मी किती वेळा मनात घोळवलं असेल. वाईन पार्टी, दारुडा, चांगली माणसं. तीन शब्द, तीन लेबलं. गंमत म्हणजे त्या रात्रीचा आमचा खेळच मुळी लेबलं काढण्याचा होता.

तर झालं असं. माझा एक पुणेकर मित्र आहे. त्याने वाईनचा काहीतरी कोर्स केलाय आणि तेव्हापासून तो साधं पाणी पितानाही ग्लास गोल गोल फिरवतो. डिसेंबरात तो नगरला येणार होता (आता कागदोपत्री अहिल्यानगर, पण जीभ वळायला वेळ लागतो). त्यानेच सुचवलं की ब्लाईंड टेस्टिंग करू. बाटल्या झाकायच्या, नंबर घालायचे, कोणती कुठली आणि कितीची हे न कळता चव घ्यायची, वीसपैकी गुण द्यायचे आणि मग उलगडा. थोडक्यात वाईनची आंधळी कोशिंबीर.

या खेळाला मोठा इतिहास आहे. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाईन विक्रेत्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन्स अशाच झाकून ठेवल्या. ज्यांचे गुण धरले ते नऊही परीक्षक फ्रेंच, एकाहून एक जाणकार. निकाल लागला तेव्हा लाल वाईनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप आणि पांढरीतही पहिली कॅलिफोर्नियाचीच शॅतो माँतेलेना. दोन्ही १९७३ सालच्या. फ्रान्सचं नाक कापलं गेलं, आणि तेही फ्रेंच माणसांच्याच हातून. मला हा किस्सा भलताच आवडतो. लेबल झाकल्यावर माणूस नाइलाजाने खरं बोलतो.

बाटल्या झाकायच्या कशात, यावर पुणेकराने खास कापडी पिशव्यांचा विषय काढला. मी म्हटलं, अरे बाबा, तू नगरला आला आहेस. आमच्याकडे बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालण्याची परंपरा तुझ्या कोर्सपेक्षा जुनी आहे. दुकानदार न सांगता गुंडाळून देतो. आमच्या जिल्ह्यात सगळं टेस्टिंग ब्लाईंडच. फरक एवढाच की आम्ही लेबल शेजाऱ्यापासून लपवतो.

गुंडाळणार कोण, हा खरा प्रश्न होता. जो गुंडाळणार त्याला सगळं ठाऊक असणार, म्हणजे त्याला खेळता येणार नाही. तेव्हा मावसभाऊ आठवला. त्याला फोन करताना मी अडखळलो हे कबूल करतो. बायको म्हणाली, "त्याच्यासमोर बाटल्या मांडणं बरोबर आहे का?" तो मुद्दा बरोबरच होता, आजही आहे. मी त्याला दोनदा विचारलं. तो हसला. म्हणाला, "बाटली लपवण्यात माझ्याएवढा अनुभव तुमच्यात कोणाला आहे? पाण्याच्या टाकीत, चपलांच्या कपाटात, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. येतो मी. आणि काही वाटलं तर उठून जाईन, थांबवू नका."

त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो केमिस्ट्रीचा पदवीधर. अनेक वर्षं एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत प्रयोगशाळेत होता. आमच्या जिल्ह्यात हे नवल नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात चालू झाला, तेव्हापासून हा जिल्हा उसावर वाढला. उसापासून साखर, साखरेनंतर उरते ती काळी, चिकट मळी, मळीपासून अल्कोहोल. आमची शाळा-कॉलेजं, पतसंस्था, बंगले, लग्नातले मांडव, या सगळ्यात कुठेतरी मळीचा वास आहे. तो वास माझ्या भावाच्या नाकात पक्का बसलाय. पुढे पिण्यात त्याची नोकरी गेली, लग्न मोडलं. मग तो सावरला. सावरला ती बातमी मात्र नातेवाइकांत फारशी पसरली नाही. अशा बातम्यांना पाय नसतात.

असो. गच्चीवर पाच जण होतो. डॉक्टर, वकीलसाहेब, पुणेकर, माझी बायको आणि मी. बाजरीची भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि पुणेकरासाठी चीज. चव घेऊन थुंकायचं असतं म्हणून त्याने भांडं मागितलं, तर आईने माळ्यावरून आजोबांची पितळी पिकदाणी काढून दिली. आजोबा तंबाखूचे. घराण्यात तीन पिढ्यांनी पुन्हा पिकदाणी वापरात आली, फक्त आता तिला 'प्रोफेशनल' म्हणायचं. (थुंकलं कोणीच नाही. पैसे मोजले होते.)

सहा नंबर फिरले. पहिला पांढरा, तो झाकूनही कळत होता. वकीलसाहेबांनी "ही पांढरी!" असं खटला जिंकल्याच्या थाटात सांगितलं. त्यातही हुरळून जाऊ नये. बोर्दोमध्ये फ्रेडरिक ब्रोशे नावाच्या संशोधकाने २००१ च्या सुमारास वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्याच वाईनमध्ये बिनचवीचा लाल रंग घालून दिला होता, आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या भाषेत केलं. डोळे दिसेल ते जिभेला सांगतात आणि जीभ मान डोलावते.

पुणेकराचं नाक प्रत्येक ग्लासात दोन मिनिटं बुडत होतं. दोन नंबरला त्याने १४ गुण दिले, "छान बॉडी, पिकलेली जांभळं". तीन नंबरला तोंड वाकडं केलं. चार नंबर आम्हा नगरकरांना एकदम पसंत पडला. पाच नंबरला पुणेकराने ९ दिले, "टॅनिन कच्चे, घाईत काढलेली वाटते". सहा नंबर नाकाला लावून मात्र तो बराच वेळ गप्प राहिला. मग डोळे मिटून म्हणाला, "लवंग. दालचिनी. थोडी मिरी. आणि मागून मध. हे काहीतरी जुनं आहे, विचार करून केलेलं." त्याने १६ दिले. मीही १५ दिले आणि कागदावर लिहिलं, 'ओळखीची चव, पण आठवत नाही'.

मग उलगडा. भावाने एकेक कागद सोडला. एक नंबर नाशिकची शेनिन ब्लाँ. दोन नंबर नाशिकचीच शिराझ. तीन नंबर पुणेकराने स्वतः आणलेली फ्रेंच बाटली, साडेतीन हजारांची. तिला शेवटून दुसरा क्रमांक. चार नंबर, जो सरासरीत पहिला आला, ती अगदी स्वस्तातली गोड पोर्ट वाईन. साखरेच्या जिल्ह्यातल्या जिभा, दुसरं काय होणार! पाच नंबर म्हणजे दोन नंबरचीच शिराझ, दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतलेली. सरासरीत तीच वाईन एकदा तिसरी आणि एकदा सहावी आली होती.

पुणेकर पडलेला पाहून मी त्याला धीर दिला. रॉबर्ट हॉजसन नावाच्या एका निवृत्त प्राध्यापकाने कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांवर हाच प्रयोग केला होता. एकच वाईन, एकाच बाटलीतली, तीन वेळा समोर ठेवायची. २००८ मध्ये त्याने निष्कर्ष छापले. आपल्या गुणांशी सातत्य राखू शकणारे परीक्षक साधारण दहातला एक. तेव्हा मित्रा, तू बहुमतात आहेस.

आणि सहा नंबर? भावाने कागद सोडला, आतून साधी रिकामी वाईनची बाटली निघाली. त्याने खिशातून एक तपकिरी औषधाची बाटली काढून शेजारी ठेवली. द्राक्षासव! आईच्या कपाटातलं. मनुका, मध, धायटीची फुलं, लवंग, दालचिनी, पिंपळी. पुणेकराने त्या रात्री मसाल्यांची नावं बरोबर ओळखली ती फक्त या एका ग्लासात, कारण मसाले खरोखर फक्त याच ग्लासात होते. आणि मला लहानपणी आजारपणानंतर चमच्याने पाजलेली चव आठवली नाही, कारण ती काचेच्या उंच ग्लासातून आली होती.

आम्ही पोट धरून हसलो. हसू ओसरल्यावर भाऊ म्हणाला, "सहाही नंबरांत एकच गोष्ट सारखी आहे, ती कोणीच लिहिली नाही." आम्ही त्याच्याकडे बघत राहिलो. "दारू," तो म्हणाला. "मला ती वासावरून कळते. तुम्ही बाकी सगळं लिहिलंत."

मामी, तुमचा फोन आला तेव्हा हे वाक्य माझ्या डोक्यात अजून ताजं होतं.

आता जरा भांडतो. २७ जानेवारी २०२२ ला तेव्हाच्या राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. गदारोळ झाला. त्यावर संजय राऊत म्हणाले की वाईन म्हणजे दारू नव्हे, आणि विक्री वाढली तर शेतकऱ्याचाच फायदा आहे. मी त्यांच्यावर घसरणार नाही, कारण ते वाक्य त्यांचं एकट्याचं नव्हतं. आपल्या सगळ्यांच्या दिवाणखान्यात ते आधीपासून बसलेलं होतं, त्यांनी फक्त माईकवर म्हटलं. आमच्या मामींच्या 'छान हो'मध्येही तेच आहे.

वकीलसाहेबांनी त्या रात्री सांगितलं (वकील पितात तेव्हा कलमं आठवतात). १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात दारूची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येत वाईनचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. बिअर, ताडी यांच्याच ओळीत. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, तो याच कायद्याने. आणि परवाना दिला जातो तो 'आरोग्य राखण्यासाठी'! ही ढोंगाची सरकारी आवृत्ती. द्राक्षासवाचाही प्रश्न कधीतरी आलाच होता. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेल्या औषधी आणि प्रसाधनांवर या कायद्यातली बंदी अवैध ठरवली. म्हणून आईचं कपाट कायदेशीर आहे.

कायदा सोडा, गणित करू. ७५० मिलिची वाईनची बाटली, अल्कोहोल १३ टक्के धरा. शुद्ध अल्कोहोल झालं सुमारे ९७ मिलि. व्हिस्कीची क्वार्टर १८० मिलि, ४२.८ टक्के. म्हणजे ७७ मिलि. एका वाईनच्या बाटलीत एका क्वार्टरपेक्षा जास्त दारू आहे. क्वार्टर मारून घरी आलेला माणूस 'पिऊन आला', आणि जेवताना निम्मी-अधिक बाटली संपवणारा माणूस 'वाईन एन्जॉय करतो'. यकृताला ही भाषा येत नाही.

डॉक्टरांना मी विचारलं की हृदयाला चांगली म्हणतात त्याचं काय. 'फ्रेंच पॅराडॉक्स' नावाचं ते प्रकरण १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवरून गाजलं आणि लाल वाईनचा खप वाढला. डॉक्टर म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलंय की दारूचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात दारू १९८८ पासून आहे, आणि त्या यादीत वाईनसाठी वेगळा कोपरा केलेला नाही. हे सांगून डॉक्टरांनी ग्लास पुढे केला. मला ते आवडलं. हा माणूस स्वतःशी खोटं बोलत नव्हता.

राहता राहिला शेतकरी. हा मुद्दा काढला की सगळ्यांची तोंडं बंद होतात, म्हणूनच तो काढतात. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाईनला करात सवलती दिल्या, नाशिकला वायनरी उभ्या राहिल्या. आमच्या सरहद्दीपलीकडे नारायणगावला तर १९८० च्या दशकापासूनच शॅतो इंडाज होती. पण २००८ ची मंदी आली, माल पडून राहिला, पुढे इंडाज बुडाली, आणि वाईनच्या द्राक्षांचे बाग लावलेल्या शेतकऱ्यांनी ते स्वतःच्या हाताने उपटले. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मांडवाचा खर्च, सगळं मातीत. वाईन पिणाऱ्याला त्या वर्षी कोणी विचारलं नाही की बाबा, देशासाठी एक बाटली जास्त घे.

आणि शेतकऱ्यासाठीच प्यायची तर मग उसाच्या शेतकऱ्याने काय घोडं मारलंय? देशीही मळीचीच. मळीला भाव तर कारखान्याला पैसा, कारखान्याला पैसा तर उसाला. "देशी प्या, ऊसवाला जगवा" अशी घोषणा आमच्या जिल्ह्यात कोणी दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. द्राक्षाचा शेतकरी कौतुकाचा आणि उसाचा, ज्याच्या जिवावर अख्खा जिल्हा उभा, तो या बाबतीत अदृश्य. कारण देशी पिणारे आपले नातेवाईक नसतात. असले तरी आपण त्यांना नातेवाईक म्हणत नाही.

दुकानांच्या पाट्याच बघा ना. जिथे मुख्यतः व्हिस्की, रम आणि बिअर विकली जाते, त्या दुकानावर पाटी 'वाईन शॉप'. दुसरीकडे मात्र ठळक अक्षरांत 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान'. पहिल्याला टोपणनाव मिळालं, दुसऱ्याला फक्त खरं नाव.

अण्णा हजारेंनी २०२२ मध्ये त्या निर्णयाविरुद्ध उपोषणाचा इशारा दिला होता, मग राळेगणसिद्धीच्या ग्रामसभेनंतर ते थांबवलं. जूनअखेर सरकारच बदललं आणि सुपरमार्केटचा निर्णय तसाच बारगळला. अण्णांशी माझं सगळं पटत नाही. सत्तरच्या दशकात राळेगणच्या भट्ट्या बंद झाल्या, गाव उभं राहिलं, हे मोठंच काम. पण पिणाऱ्याला खांबाला बांधून पट्ट्याने मारणं मला कधीच पटलं नाही. तरी एक मान्य करतो, त्यांनी वाईनला दारूच म्हटलं. निदान त्यांच्याकडे लेबलाप्रमाणे माप बदललं नाही. आता तो खांब डोळ्यांसमोर आणा आणि त्याला पुणेकर बांधलेला आहे अशी कल्पना करा, हातात उंच ग्लास घेतलेला. येते का डोळ्यांसमोर? नाही येत. खांब नेहमी एकाच प्रकारच्या माणसासाठी असतो.

त्या रात्री 'ब्लाईंड, ब्लाईंड' असं आम्ही इतक्या वेळा म्हटलं की शेवटी भावानेच पांगरमलची आठवण काढली. आपल्याच नगर तालुक्यातलं गाव. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे दिवस. मतदारांसाठी पार्टी झाली, आणि बनावट दारू पिऊन माणसं मेली. तपासात निघालं की ती दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये तयार होत होती. रुग्णालयाच्या! त्याआधी जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळे. मिथेनॉल पोटात गेलं की आधी डोळे जातात. भाऊ म्हणाला, "प्रयोगशाळेत आम्हाला हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. आपल्याकडे गरिबाचं ब्लाईंड टेस्टिंग असं असतं." कोणी काही बोललं नाही. बायकोने भाकऱ्या गरम करून आणल्या.

कोणी म्हणेल, मग काय वाईन पिऊ नको? मी असं कुठे म्हटलं. मला आवडते. ती शिराझ मला दोन्ही वेळा बरी वाटली होती (१२ आणि ११, कागद जपून ठेवलाय). वाईनचे खरे जाणकार असतात हेही मला माहीत आहे. 'मास्टर ऑफ वाईन'च्या परीक्षेत बारा-बारा वाईन्सचे तीन पेपर झाकलेल्या ग्लासांवर द्यावे लागतात आणि माणसं ते पास होतात. माझं भांडण द्राक्षाशी नाही, जाणकारीशीही नाही. मी दारू पितो हे म्हणायची ज्याला लाज वाटते, पण दुसऱ्याला दारुडा म्हणायची वाटत नाही, त्याच्याशी आहे.

आणि त्या यादीत माझं स्वतःचं नाव वर आहे, हे सांगितल्याशिवाय हे लिहिण्याचा मला हक्क नाही. २०११ मध्ये आमच्या या घराची वास्तुशांत झाली. सगळे नातेवाईक आले. भावाला मी बोलावलं नाही. तेव्हा तो पीत होता, 'काहीतरी तमाशा करेल' असं मला वाटलं. त्याच संध्याकाळी पाहुणे गेल्यावर याच गच्चीवर आम्ही मित्रांनी बाटली उघडली. मीही प्यालो. खाली सत्यनारायणाचा प्रसाद अजून झाकून ठेवलेला होता. नंतर भाऊ कधी त्याबद्दल बोलला नाही. परवा जिना चढताना मात्र म्हणाला, "गच्ची छान आहे रे तुझी. पहिल्यांदाच बघतोय." चौदा-पंधरा वर्षांनी. मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

तो कसा निभावला, हे मामींनी विचारलं नाही, तरी सांगतो. त्याने ओतलं, नंबर लावले, गुणांची बेरीज केली. मधे एकदा गच्चीच्या टोकाला जाऊन दहा मिनिटं भिस्तबाग महालाच्या दिशेला बघत उभा राहिला. आम्ही ठरल्याप्रमाणे हाक मारली नाही. पंगत उठल्यावर सगळे ग्लास त्याने स्वतः खाली नेले. मी म्हटलं, राहू दे, सकाळी बघू. "तळाला राहिलेलं रात्रभर ठेवू नये," म्हणाला. बेसिनमध्ये एकेक ग्लास उपडा केला, बाटल्यांत उरलेलंही ओतलं, आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला. पुणेकराच्या फ्रेंच बाटलीतलं पाऊण पेलाभर त्यातच गेलं. पुणेकर शेजारी उभा होता. त्याने तोंडातून शब्द काढला नाही. या एका गोष्टीसाठी त्याचा कोर्स मी त्याला माफ केला आहे.

तर मामी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. त्याला बोलावलं कारण त्याच्याशिवाय खेळ झाला नसता. पुढच्या वेळीही बोलावणार आहे, यायचं की नाही ते तो ठरवेल. तुम्हीही या. तुम्हाला काही प्यायचा आग्रह नाही.

फक्त द्राक्षासवाची ती बाटली अर्धी शिल्लक आहे. तेवढी त्याने ओतली नाही, आईची म्हणून. आईने ती परत कपाटात ठेवली आहे, रात्री जेवणानंतर दोन चमचे कोमट पाण्यातून घेते. तिला कोणी सुचवली होती ते मी काल विचारलं. तुम्हीच, मामी. तुम्ही वीस वर्षं घेताय म्हणे.

ता. क. चार नंबरची पोर्ट कुठून आणली असं दोघांनी विचारलंय. दुकान सांगत नाही. कागदात गुंडाळून मिळते, एवढं सांगतो.